बस न येणारा थांबा

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात, बेनराथ येथील वृद्धाश्रमाबाहेर एक बस थांबा उभारण्यात आला. २००८ साली त्याची बातमी सर्वत्र झाली. बाकडे होते, पाटी होती. बस मात्र येत नसे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला ‘घरी’ जायची ओढ लागली की ती तेथे येऊन बसे. काही वेळाने निघायचे होते हेच विसरे आणि सेविकेचा हात धरून आत जाई.

ही फसवणूक नव्हे काय? संत ऑगस्टीन म्हणतात, हेतू चांगला असला तरी प्रत्येक असत्य हे पापच. पण आपण घरी काय करतो? बाहेरून कडी लावतो. कडी खोटे बोलत नाही, परंतु माणसाला कैदी करते.

नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ साली सुरू झालेल्या होगेवेक वसाहतीने तिसरी वाट धरली. तेथे गल्ल्या, बागा, दुकान, कॅफे आहेत. बाहेर पडायचे दार एकच, त्यावर लक्ष असते. आत मात्र मनसोक्त हिंडता येते.

आपल्याकडे तेवढी जागा नाही. तरीही समोर दिसणारे दार आणि खुंटीवरची पिशवी आजीला ‘चल’ म्हणतात, हे आपण ओळखू शकतो. पिशवी आत ठेवू या, दारावर पडदा सोडू या, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवू या. आणि संध्याकाळी तिच्यासोबत अंगणात चार फेऱ्या मारू या. त्यात ना खोटे आहे, ना कडी.