वसई परत आली, साष्टी गेली

चिमाजी आप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच मोहिमेत पडलेला एक किल्ला आपल्या खाडीपलीकडे उभा आहे, याचा मात्र अंधेरी-मालाडच्या पोरांना पत्ता नसतो. वेसाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत मढ. तिथे समुद्रकाठच्या खडकावर पोर्तुगीजांनी बांधलेला वेसाव्याचा किल्ला आहे. परिसर हवाई दलाकडे असल्याने सामान्य माणसाला आत सहज जाता येत नाही. हिंदी चित्रपटांत तो कितीदा तरी दिसला आहे.

वांद्र्यापासून दहिसरपर्यंत, घाटकोपर-मुलुंडपासून ठाण्यापर्यंत पसरलेले हे बेट म्हणजे साष्टी. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहात वसईबरोबर ते पोर्तुगीजांना दिले. पुढची दोन शतके इथे भात पिकले ते त्यांच्या अमलाखाली. धर्माच्या जाचाने रयत गांजली होती. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली, पोर्तुगीजांची बित्तंबातमी पुरवली. 1737 मध्ये ठाणे पडले आणि साष्टीत मराठ्यांचा पाय रोवला गेला. वसईच्या तटाला भगदाड पडण्याआधी वेसावे घेतले गेले, आणि उत्तनजवळची धारावीही.

या मोहिमेला वसाहतवादाविरुद्धचा लढा म्हणावे का? म्हणावे, पण हात थोडा राखून. रयतेची गाऱ्हाणी खरी होती. तशीच पेशव्यांना बंदरे आणि महसूलही हवा होता. शिवाय साष्टीतला ख्रिस्ती कोळी नि कुणबी हा काही लिस्बनहून आलेला नव्हता. त्याच धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरचे मोतमाऊलीचे देऊळ उद्ध्वस्त झाले आणि मूर्ती पुढे कोळ्यांना समुद्रात सापडली, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या माणसांच्या आठवणीत 1739 हे साल विजयाचे नाही. दुसऱ्या बाजूला, वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्त्यांना त्यांचा धर्म पाळू देण्याचे मराठ्यांनी कबूल केले होते. पोर्तुगीजांनी जिंकलेल्यांना असे काही दिल्याचे फारसे आढळत नाही.

मला या कथेत खरे पात्र वाटते ते तिसरे, माहीमच्या खाडीपलीकडे बसून सगळे बघणारे. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना उघड मदत नाकारली, पण चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेत कर्ज दिले. वांद्र्याचा 1640 चा किल्ला मराठ्यांच्या हाती लागला तर माहीम तोफेच्या टप्प्यात येईल, म्हणून तो पाडून टाका, असा सल्ला पोर्तुगीजांना इंग्रजांचाच. आज बँडस्टँडच्या टोकाला संध्याकाळी जे भग्न तट दिसतात, त्यांची कथा इथे सुरू होते. वसई पडताच मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहराच्या तटाभोवती खंदक खणायला 30 हजार रुपये काढून दिले. मराठ्यांचा धाक म्हणतात तो हा. पोवाड्यापेक्षा या वर्गणीवर माझा विश्वास अधिक.

पण धाकाच्या जोरावर मुलूख राखता येत नाही. मुंबई बेटाला पोटापुरते धान्य पिकत नव्हते, आणि साष्टी तर समोर होती. 1772 मध्ये थॉमस मॉस्टिन पुण्यात वकील म्हणून आला तो साष्टी-वसई पदरात पाडून घेण्याच्या कामगिरीवर. त्याच वर्षी थोरले माधवराव पेशवे गेले, पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला आणि त्यांचे काका राघोबादादा इंग्रजांच्या दारात गेले. त्यांच्याशी बोलणी पक्की होण्याआधीच, गोव्याहून पोर्तुगीज आरमार येत असल्याचे निमित्त करून, डिसेंबर 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले. वेसावेही गेले. पुढे पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. त्यातली पहिली मोठी लूट ही आपली उपनगरे होती, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगते.

युद्धात जनरल गॉडर्डने 1780 मध्ये वसईही घेतली. 17 मे 1782 ला सालबाईचा तह झाला, तेव्हा नाना फडणवीसांच्या पुण्याला वसई परत मिळाली. जिच्यासाठी हजारो मराठे तटाखाली पडले होते, ती वसई इंग्रजांनी सोडली. भातशेतीची, खाड्यांची, मुंबईला खेटून असलेली साष्टी मात्र ठेवून घेतली.