भुताचं देणं

आदित्य सरपोतदारांच्या ‘मुंज्या’नं २०२४ साली गल्ला भरपूर जमवला, तरी भयपट म्हणून तो निराशच करतो. कोकणातलं गाव, मुंज होताच मेलेला गोट्या, त्याची अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा. सामग्री अस्सल घरची. पुढे मात्र ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गॉलमची आठवण करून देणारं संगणकी ध्यान, दचकवण्यापुरता चढणारा आवाज, भूत उतरवणारा बाबा आणि शेवटी झटापट. ज्या बहिणीचा बळी द्यायला गोट्या निघाला होता, ती आता आजी होऊन जिवंत आहे. त्या दोघांत काय उरलंय, हे विचारायच्या आतच सिनेमा तिला मारून मोकळा होतो. तंत्र उसनं आणलं याची तक्रार कशाला करायची? तंत्राच्या पाठोपाठ धर्मशास्त्रही उसनं आलं, घोटाळा तिथे झाला.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) मधला सैतान देवाचा वैरी आहे. त्याच्याशी तडजोड नाही, त्याला हाकलायचंच. विक्रम भट्टच्या ‘१९२०’नं (२००८) पाद्र्याच्या प्रार्थनेच्या जागी हनुमानचालिसा आणली, साचा तोच ठेवला. कोकण किनाऱ्यावरचं भूत या साच्यात बसत नाही. ब्रिटिश अधिकारी जॅक्सननं शाळामास्तरांकडून गोळा केलेली आणि त्याच्यासारखाच अधिकारी असलेल्या एन्थोवेननं पुढे १९१५ मध्ये छापलेली कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणं आहेत. त्यांत कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगडही येतो. पिंपळावरचा मुंजा त्रास देऊ लागला तर त्यांत सांगितलेला उपाय काय? पिंपळाची मुंज लावायची आणि बुंध्याला पार बांधायचा. सोडमुंजीआधी गेलेल्या पोराला अर्धवट राहिलेला विधी मिळतो, गावाला टेकायला जागा. याच रायगडातल्या हरिहरेश्वरला तर आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. भुतांचा धनी देवाच्या दारातच बसलेला. अशा जगात अरिष्टाला स्वतःचं वेगळं राज्य नसतं. कुणाचं तरी देणं थकलेलं असतं, आणि भय वाटतं ते आपल्याकडून काय राहून गेलं याचं. उसन्या राक्षसाशी आपला काही व्यवहारच नाही. तो गेला की दिवे लागतात, लोक पॉपकॉर्न झटकून उठतात.

कुणी म्हणेल, ‘झपाटलेला’नंही (१९९३) ‘चाइल्ड्स प्ले’मधला बाहुला उचलला होता, तो कसा चालला? चालला, कारण बोलक्या बाहुल्याची कला रामदास पाध्यांच्या घरातच होती, आणि सिनेमाला हसवायचं होतं. पापपुण्याचा निवाडा त्याच्यावर नव्हता. दुसरा आक्षेप जड आहे. भुताच्या देण्याघेण्याच्या नावाखाली किती बायकांना मारझोड झाली! भूत उतरवण्याच्या बहाण्यानं मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं. शिवाय ही समजूत निष्पापही नाही. बाळंतपणात मेलेल्या बाईची अळवंतीण झाली की तिच्या हालांचा जाब जिवंत माणसांना कुणी विचारत नाही. उलट तिलाच भ्यायचं. हे सगळं मान्य. पण अळवंतिणीला निदान नाव असतं, घर असतं, सासर असतं. तिची गोष्ट सांगायला बसलं की सुईण वेळेवर का आली नाही, नवरा कुठे होता, हे विचारावंच लागतं. बाहेरून आलेल्या सैतानाबद्दल असं काही विचारता येत नाही, आणि निर्मात्यांना तो सोयीचा वाटतो तो बहुधा याचसाठी.