सात वर्षांची मुदत



सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची गोष्ट मूळची युरोपातली. जर्मनीत फाउस्ट नावाच्या पंडिताभोवती ती सोळाव्या शतकात रचली गेली, पुढे गटेनं तिचं महानाट्य केलं आणि सिनेमा जन्माला आल्यावर त्यानंही ती लगेच उचलली. या गोष्टीतलं गिऱ्हाईक बहुधा मोठं असतं. त्याला जगातलं सगळं ज्ञान हवं असतं, सरलेलं तारुण्य परत हवं असतं. आज मी ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे, त्यातल्या माणसाला असलं काही नको आहे. त्याला फक्त कर्जाचा हप्ता भरायचा आहे.

हा चित्रपट 1941 सालचा, अमेरिकेतला. स्टीफन व्हिन्सेंट बेने या लेखकानं 1936 साली ‘द डेव्हिल अँड डॅनियल वेबस्टर’ ही कथा लिहिली, तिच्यावर तो बेतलेला. तो काढणाऱ्या आरकेओ कंपनीनं 1941 सालीच नावात ‘डेव्हिल’ असलेला आणखी एक सिनेमा काढला होता, म्हणून याचं नाव बदलून ‘ऑल दॅट मनी कॅन बाय’ असं ठेवलं. पुढे मूळ कथेचंच नाव त्याला चिकटलं. दिग्दर्शक विल्यम डीटर्ले जन्मानं जर्मन. मुर्नाऊचा 1926 सालचा ‘फाउस्ट’ हा मूकपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातला ग्रेचेनचा भाऊ व्हॅलेंटिन आठवेल, सैतानाच्या कपटानं मारला जाणारा. ती भूमिका करणारा नट म्हणजे हाच डीटर्ले. पंधरा वर्षांनी, समुद्रापार जाऊन, त्यानं सैतानाची गोष्ट स्वतः सांगायला घेतली, आणि ती पंडिताच्या अभ्यासिकेतून काढून शेतकऱ्याच्या खळ्यात आणली.

शेतकऱ्याचं नाव जेबेझ स्टोन. काळ 1840 चा, प्रांत न्यू हॅम्पशायर, जमीन दगडगोट्यांची. घरात आई आहे, बायको मेरी आहे, डोक्यावर मायझर स्टीव्हन्स नावाच्या सावकाराचं देणं आहे. माणूस आळशी नाही, व्यसनी नाही. पण एकामागून एक संकटं येतात. डुकराचा पाय मोडतो, जपून ठेवलेलं बियाणं चिखलात सांडतं. अशा वेळी कुणाच्याही तोंडून निघावं तसं त्याच्या तोंडून निघतं की दोन सेंट मिळाले तरी सैतानाला आत्मा विकेन. आणि सैतान हजर होतो.

त्याचं नाव मिस्टर स्क्रॅच. वॉल्टर ह्यूस्टननं ही भूमिका अशी केली आहे की पडद्यावर तो आला की आपण नकळत खूश होतो. शिंगं नाहीत, शेपूट नाही. मळकी टोपी, खुंटासारखी दाढी, डोळ्यांत मिस्कील चमक. बोलणं आर्जवी. तो जेबेझला धमकावत नाही, घाई करत नाही. खळ्याच्या जमिनीत पुरलेलं सोनं उकरून दाखवतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढायला आलेल्या भाडोत्री जर्मन शिपायांचं ते सोनं. मग कागद पुढे करतो. सात वर्षांची भरभराट, त्या बदल्यात आत्मा. सही रक्तानं. आणि करार संपण्याची तारीख झाडाच्या खोडावर जाळून कोरलेली.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि माझ्या मते हा चित्रपट मोठा ठरतो तो इथून पुढच्या तासाभरामुळे. शेवटी एक खटला आहे, त्याचीच सगळीकडे चर्चा होते. पण खटल्याआधीची ती सात वर्षं नीट पाहायला हवीत.

सोनं हाती आल्यावर जेबेझ पहिलं काम करतो ते चोख. सावकाराचं देणं फेडतो, घरच्यांसाठी वस्तू आणतो. यात वावगं काय आहे? मग शेत बहरतं. मग एका वर्षी गारपीट होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांची उभी पिकं झोपतात, जेबेझचा गहू मात्र तसाच डोलत राहतो. ज्यांचं सगळं गेलं ते त्याच्या शेतात रोजानं कापणीला येतात. हा प्रसंग पडद्यावर भरपूर उन्हात घडतो. काळोख नाही, विजा नाहीत. जेबेझ त्यांना काम देतोय, मजुरी देतोय, आणि हवं असेल तर कर्जही देतोय. तो स्वतःला उपकारकर्ता समजत असणार. कायद्यानं त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. फक्त काल जे शेजारी होते ते आज मजूर झाले आहेत, आणि त्यांच्या जमिनींचे कागद हळूहळू त्याच्या पेटीत जमा होऊ लागले आहेत.

गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक संघ काढायचं ठरवलेलं असतं, ज्याला त्यांच्याकडे ग्रेंज म्हणतात. (इतिहासात असा संघ निघाला 1867 साली, गोष्टीतल्या काळानंतर पंचवीस वर्षांनी, पण सिनेमाला तेवढी मोकळीक देऊ या.) जेबेझ त्यात जात नाही. त्याला आता संघाची गरज उरलेली नाही. रविवारी बायको चर्चमध्ये जाते तेव्हा हा घरी पत्ते कुटत बसलेला असतो. मुलगा झाल्यावर घरात बेल नावाची एक परकी, सुंदर बाई दाई म्हणून आलेली आहे, ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. मुलगा लाडावतो. जुन्या घरापासून दूर नवा वाडा उभा राहतो, आणि आई व मेरी त्या वाड्यात परक्या होतात.

आत्मा न्यायला सैतान सात वर्षांनी येणार, असं करारात लिहिलंय. पण हे सगळं पाहताना लक्षात येतं की न्यायचं काम तर रोज चाललंय. सातव्या वर्षी स्क्रॅच येईल तेव्हा त्याला फक्त पावती फाडायची आहे. रक्ताची सही, झाडावरची तारीख हा सगळा देखावा. खरा व्यवहार झाला तो प्रत्येक वेळी, जेव्हा जेबेझनं एखाद्या शेजाऱ्याचा अडलेला चेहरा पाहिला आणि मनात व्याजाचा दर ठरवला. आणि दर वेळी त्याच्याकडे एक पटणारं कारण होतं.

हे लिहिणाऱ्यांनी आणि दाखवणाऱ्यांनी फार बारकाईनं जाणलं होतं. जेबेझ ज्या सावकाराच्या जाचातून सुटायला निघाला, तोच सावकार तो स्वतः बनतो. आपल्याकडे 1925 साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला, नारायण हरी आपट्यांच्या कथेवर. त्यात तरुण शांतारामांनी शेतकरी रंगवला होता. तिथला शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदांमुळे जमीन गमावतो आणि शहरात गिरणीत मजूर होतो. पेंटरांना सैतानाची गरज पडली नाही, सावकार पुरेसा होता. न्यू हॅम्पशायरच्या गोष्टीत सैतानाची गरज पडते, कारण इथे पीडलेला माणूस उलटून पीडणारा होतो, आणि ते कसं घडलं याचं उत्तर माणसाला सहजी सापडत नाही.

नव्या वाड्यात जेबेझ मोठी मेजवानी ठेवतो. गावातून कुणी फिरकत नाही. येतात ती भुतं, आणि त्यांच्यात तो जुना सावकार स्टीव्हन्स. त्यानंही कधीकाळी असाच कागद केलेला असतो, आणि त्याची मुदत त्याच रात्री संपते. बेल त्याला नाचायला नेते आणि नाचता नाचता तो संपतो. स्क्रॅचच्या बटव्यात एक पतंग फडफडताना दिसतो, आणि त्या पतंगाचा आवाज जेबेझच्या ओळखीचा असतो. तो आवाज शेजाऱ्याला हाक मारत असतो. इतक्या वर्षांत ज्यानं कुणाला शेजारी मानलं नाही, त्याच्या तोंडी अखेरीला हा शब्द यावा!

इथे संगीताबद्दल दोन शब्द. ते बर्नार्ड हरमन यांचं. त्याच वर्षी आरकेओनंच काढलेल्या ‘सिटिझन केन’चं संगीतही त्यांचंच होतं आणि ऑस्करसाठी दोन्हींची नावं होती. मिळालं ते या सैतानाच्या सिनेमाला. हरमन यांच्या उभ्या कारकिर्दीतलं ते एकमेव ऑस्कर.

मुदत भरते तेव्हा स्क्रॅच जेबेझपुढे एक सवलत ठेवतो. मुदत वाढवून मिळेल, पण मोबदल्यात तुझा मुलगा दे. जेबेझ इथे थबकतो. सात वर्षांत पहिल्यांदा तो नाही म्हणतो, आणि धावत डॅनियल वेबस्टरकडे जातो.

वेबस्टर हा खरा, इतिहासातला माणूस. 1782 साली न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेला, पुढे मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर, आपल्या काळातला अमेरिकेचा सर्वांत नामवंत वक्ता आणि वकील. चित्रपटात एडवर्ड अर्नोल्डनं त्याचं काम केलंय. रात्री खळ्यात न्यायालय भरतं. न्यायाधीश हॅथॉर्न, 1692 साली सेलेममध्ये चेटकिणी म्हणून निरपराध बायकांना फासावर पाठवणाऱ्या खटल्यांतला. ज्युरीत देशद्रोही, चाचे, खुनी. सगळे मेलेले, सगळे स्क्रॅचची कुळं.

वेबस्टर पहिला मुद्दा काढतो तो वकिली थाटाचा. म्हणतो, अमेरिकन नागरिकाला परदेशी राजाच्या सेवेत जबरदस्तीनं नेता येणार नाही. त्यावर स्क्रॅच शांतपणे जे सांगतो, ते ऐकताना 1941 चे प्रेक्षक खुर्चीत चुळबुळले असतील. तो म्हणतो, परदेशी कोण? या भूमीवर पहिल्या मूलनिवासी माणसावर अन्याय झाला तेव्हा मी हजर होतो. गुलाम आणायला पहिलं जहाज आफ्रिकेकडे निघालं तेव्हा मी त्याच्या डेकवर होतो. माझं या देशातलं वास्तव्य तुझ्याहून जुनं आहे. या युक्तिवादाला वेबस्टरकडे उत्तर नसतं. म्हणजे कायद्याच्या मुद्द्यावर तो हरतो. मग तो कायदा सोडून त्या मेलेल्या ज्युरींशी माणूस म्हणून बोलतो. स्वातंत्र्याबद्दल, चुकलेल्या माणसाला मिळायला हव्या अशा आणखी एका संधीबद्दल. ज्युरी जेबेझच्या बाजूनं निकाल देतात. भाषण चांगलं आहे, पण मला ते जरा फार सोपं वाटतं. देश युद्धाच्या उंबरठ्यावर होता, पडद्यावर देशभक्ती लागत होती, आणि ती या भाषणात पुरेपूर आहे. त्यापेक्षा शेवटचं दृश्य प्रामाणिक आहे. स्क्रॅच कुंपणावर बसून आपली वही चाळतो, इकडेतिकडे शोधक नजर टाकतो, आणि मग हसत पडद्यातून थेट आपल्याकडे बोट दाखवतो.

या खऱ्या वेबस्टरचं पुढे काय झालं, हे मात्र चित्रपट सांगत नाही. बेनेच्या मूळ कथेत सांगितलंय. तिथे हरलेला सैतान वेबस्टरचा हात पाहून भविष्य वर्तवतो. तू राष्ट्राध्यक्ष होणार नाहीस. तुझं शेवटचं मोठं भाषण तुझ्याच माणसांना तुझ्यावर उलटवील. हे भाषण इतिहासात झालं, 7 मार्च 1850 रोजी, सिनेटमध्ये. उत्तर आणि दक्षिण फुटू नयेत म्हणून वेबस्टरनं एका तडजोडीला पाठिंबा दिला, आणि त्या तडजोडीत पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवण्याचा कायदा होता. त्याच्या प्रांतातले गुलामगिरीविरोधी लोक हादरले. कालपर्यंत त्याला डोक्यावर घेणाऱ्या कवींनी आणि विचारवंतांनी त्याला मेल्यात काढलं. परराष्ट्रमंत्री म्हणून त्यानं त्या कायद्याची अंमलबजावणीही जोरानं केली.

त्याचा हेतू वाईट होता असं म्हणवत नाही. देश एकसंध राहावा ही त्याची आयुष्यभराची तळमळ होती. पण राष्ट्राध्यक्षपदाचं स्वप्नही त्याच्या मनात होतं, आणि त्यासाठी दक्षिणेची मर्जी लागणार होती. यातलं किती तळमळीपोटी आणि किती हव्यासापोटी, हे त्याला स्वतःला तरी वेगळं करता आलं असतं का? जेबेझचं बरं होतं. त्याच्याकडे कागद होता, सही होती, झाडावर तारीख होती. तो निदान धावत वकिलाकडे जाऊ शकला. वेबस्टरच्या सौद्याचा कुठेच कागद झाला नाही, त्यामुळे तो फाडताही आला नाही. 1852 साली पक्षानं उमेदवारी दुसऱ्याला दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. त्यानं वाचवू पाहिलेली एकी 1861 साली युद्धात फुटली.

चित्रपटानं हा भाग गाळला याची मला रुखरुख आहे. सुरुवातीला स्क्रॅचची सावली वेबस्टरच्या कानाशी कुजबुजते खरी, पण तो तिला झटकून टाकतो आणि तिथून पुढे निष्कलंक नायक होतो. कथाकार त्याच्याशी अधिक खरं वागला.

तरीही चित्रपट जरूर पाहा. एक सूचना मात्र. नंतरच्या काळात तो कापून बराच आखूड केला गेला होता, पुढे तो पुन्हा जुळवण्यात आला. तुम्ही पाहाल तो सुमारे 107 मिनिटांचा आहे ना, एवढं आधी बघून घ्या. आणि खटल्याच्या उत्सुकतेपायी त्या गारपिटीनंतरच्या कापणीकडे दुर्लक्ष करू नका. अख्ख्या सिनेमातला सर्वांत भयंकर प्रसंग तो आहे.