मागच्या बाकावरचा प्रश्न

दिवाळीच्या फराळाबरोबर एका इंग्रज कॅप्टनची हकीकत कशाला, असे आपण म्हणाल. पण ती मी प्रथम सांगितली तीही सुटीच्या तोंडावरच. सहामाही आटोपली होती, मुलांचे चित्त धड्यात नव्हते, म्हणून पुस्तक मिटून मी हेडली व्हेरिटीविषयी बोलू लागलो.

यॉर्कशायरचा हा डावखुरा मंदगती गोलंदाज. १९३२ साली लीड्सला नॉटिंगहॅमशायरविरुद्ध त्याने १० धावांत १० बळी घेतले. तो विक्रम अजून मोडलेला नाही. १९३३ साली मुंबईच्या जिमखान्यावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांनी शतक ठोकले, त्या सामन्यातही हा होता. मुले सरसावून बसली. (आमच्या वर्गात पानिपतापेक्षा क्रिकेटला श्रोते अधिक, हे कबूल केलेले बरे.)

१९३८ साली युद्धाची चाहूल लागली, तेव्हा व्हेरिटीने एका लष्करी अधिकाऱ्याकडून युद्धशास्त्राची पुस्तके मागून घेतली आणि दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ती वाचली. १ सप्टेंबर १९३९ला, जर्मनीने पोलंडवर चाल केली त्याच दिवशी, होव्हला त्याने ससेक्सचे ७ गडी ९ धावांत बाद केले. तो त्याचा शेवटचा कौंटी सामना. पुढे तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत अधिकारी झाला.

आघाडीवर जायलाच हवे होते का? त्याच्याच संघातला लेन हटन सैन्यात व्यायामशिक्षक झाला, वाचला, पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. त्याला कोणी भ्याड म्हणू नये. अंगची देणगी एकट्याच्या मालकीची नसते, ती जपणे हेही कर्तव्यच, असे मी पूर्वी म्हणत असे. कादंबरी लिहिताना घरची कामे चुकवायला हा विचार मला फार उपयोगी पडला. तेव्हापासून त्याच्यावरचा माझा विश्वास जरा उडालाच आहे.

एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण गुरुजी, ते सैन्य तर आपल्याला गुलाम ठेवणारं होतं ना?"

होते. १९४२ साली व्हेरिटीची पलटण रांचीला होती, आणि आपली माणसे तुरुंगात. जुलमाशी लढायला निघालेला सज्जन वाटेत दुसऱ्याच्या पारतंत्र्याचा पहारेकरी ठरला. त्याच्या सचोटीने त्या सैन्याचे पाप धुतले जात नाही. पण त्या पापामुळे त्याची सचोटी खोटी होती, असेही माझ्याने म्हणवत नाही. मुलाचे समाधान झाले नाही. माझेही अर्धेच झाले.

जुलै १९४३, सिसिली. रात्री, पेटलेल्या पिकातून आपली तुकडी पुढे नेताना त्याच्या छातीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. तुम्ही पुढे चला, असे त्याने सैनिकांना बजावले. त्याचा ऑर्डर्ली मात्र त्याच्यापाशी थांबला आणि कैद झाला. ३१ जुलैला इटलीतल्या काझेर्ता येथे, शत्रूच्या इस्पितळात, व्हेरिटी वारला. वय ३८.

घंटा झाली. दप्तर आवरता आवरता त्याच मुलाने विचारले, "मग तो थांबला, त्यानं हुकूम मोडला का?"

"तू काय केलं असतंस?"

"थांबलो असतो," तो म्हणाला, आणि सुटीला पळाला.