क्रम, श्रेय आणि साक्ष

खेळाच्या जगात माणसाच्या नावापुढे लागणारे आकडे बहुधा त्याच्या कर्तृत्वाची मोजदाद करीत असतात. धावा, गुण, जिंकलेल्या स्पर्धा, मानांकनातील स्थान या साऱ्या आकड्यांमागे कोणती ना कोणती कृती उभी असते. अमेरिकेत रुजलेल्या डिस्क गोल्फ या खेळात मात्र एक आकडा असा आहे की ज्याच्यामागे असे कर्तृत्व नाही, आणि तरीही ज्याच्याविषयी खेळाडूंच्या मनात विलक्षण जिव्हाळा आहे. हा आकडा म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेचा सदस्यक्रमांक. सामान्य हौशी खेळाडू आपला क्रमांक एखाद्या जगज्जेत्याच्या क्रमांकाशेजारी ठेवून पाहतो. आपला लहान निघाला तर त्याला अभिमान वाटतो. हा अभिमान पोकळ मानावा, की त्याला काही नैतिक आधार आहे, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

साखळ्या लावलेल्या टोपलीत कमीत कमी फेकींमध्ये तबकडी टाकणे, हे या खेळाचे सूत्र. ही टोपली घडवणारे एड हेड्रिक यांनीच १९७६ मध्ये संघटना स्थापन केली आणि सदस्यक्रमांक १ त्यांचाच झाला. तेव्हापासून क्रमांक चढत गेले आहेत. एकदा मिळालेला क्रमांक जन्मभराचा असतो. वर्गणी थकली तरी तो दुसऱ्यास दिला जात नाही. संघटनेच्या नावात ‘व्यावसायिक’ हा शब्द असला तरी हौशी सदस्यालाही त्याच मालिकेतला क्रमांक मिळतो. बारा वेळा जगज्जेता ठरलेल्या केन क्लायमो यांचा क्रमांक ४२९७, सहा वेळा जिंकलेल्या पॉल मॅकबेथ यांचा २७५२३, तर २०२२ व २०२३ मध्ये जगज्जेती ठरलेल्या एस्टोनियाच्या क्रिस्टिन तत्तार यांचा ७३९८६. ही मालिका आता दोन लाखांच्या पलीकडे गेली आहे.

या क्रमांकातून गुणवत्ता कळत नाही, हे उघड आहे. क्लायमो आणि मॅकबेथ यांच्या क्रमांकांच्या दरम्यान जे तेवीस हजारांहून अधिक क्रमांक आहेत, त्यांतील बहुसंख्य खेळाडूंची नावे त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नसतील. त्यातून वयही कळत नाही. जर्मनीचे सायमन लिझोट १९९२ साली जन्मले, मॅकबेथ १९९० साली. पण लिझोट यांचा क्रमांक ८३३२ आहे. दोघांपैकी कोणीही आपल्या क्रमांकासाठी तबकडी फेकली नव्हती. कोणाला हा खेळ केव्हा आणि कोणाच्या हातून भेटला, या योगायोगाचा तो अवशेष आहे.

योगायोगाने लाभलेल्या गोष्टीचे श्रेय घेता येत नाही, असे नीतिशास्त्र सामान्यतः मानते. मग सामान्य खेळाडूचा अभिमान ही आत्मवंचनाच नव्हे काय? या संशयाला बळ देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. ज्या खेळात कमी फेकींचा खेळाडू जिंकतो, तिथे लहान आकडा म्हणजे वरचा आकडा ही सवय मनात आधीच मुरलेली असते. तीच नकळत सदस्यक्रमांकाकडे वळते. दुसरे असे की, संघटना खेळाडूंना रेटिंगही देते. ते निकालांप्रमाणे चढते-उतरते आणि उतारवयात उतरतच जाते. जिथे मॅकबेथ यांच्या पुढे जाण्याची शक्यता उरलेली नाही, तिथे निदान त्यांच्या आधी असल्याचे समाधान हा क्रमांक देतो. पण समाधान देणारी गोष्ट तेवढ्यावरून खोटी ठरत नाही. ‘मी अधिक आहे’ हे विधान येथे असत्य असते. ‘मी आधी होतो’ हे सत्य असते. आत्मवंचना सुरू होते ती दुसऱ्या विधानावरून पहिल्यावर उडी घेतली जाते तेव्हा.

‘आधी असणे’ यालाही मूल्य कोठून येते, हे पाहणे उद्बोधक आहे. चिन्हाचे मूल्य त्याच्या ठायी स्वतंत्रपणे नसते, व्यवस्थेतील इतर चिन्हांपासूनच्या भेदातून ते निष्पन्न होते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन आहे. सदस्यक्रमांकाला ते तंतोतंत लागू पडते. १९७६ साली पहिला क्रमांक दिला गेला तेव्हा तो कोणाच्याही आधीचा नव्हता. ४२९७ हा आकडा लहान ठरला तो पुढे दोन लाख माणसे आली म्हणून. ती आली नसती, तर तो एका विझलेल्या छंदाच्या नोंदवहीतील शेवटच्या आकड्यांपैकी एक ठरला असता. अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्येच स्थानाश्रित वस्तूंची संकल्पना मांडली. निवांत टेकडीवरचे घर इतरही तिथे घरे बांधू लागले की निवांत राहत नाही. लहान सदस्यक्रमांकही स्थानाश्रितच आहे. पण तो उलट दिशेने चालतो. जितके लोक मागून येतील तितका तो अधिक मोलाचा होतो.

यातून नैतिक निष्कर्ष निघतो. जुन्या सदस्याचे जुनेपण नव्या सदस्यांनी त्याला दिलेले असते. म्हणून तो नवागतांचा ऋणी आहे. ‘हे काल आलेले’ असे म्हणून त्यांना हिणवणारा खेळाडू ज्या फांदीवर बसला आहे तीच तोडतो. साहित्येतिहासालाही हा मोह अपरिचित नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ मधील कादंबरी मराठीतील पहिली मानली जाते. परंतु ते पहिलेपण नंतरच्या कादंबऱ्यांनी बहाल केलेले आहे. एकाच कादंबरीवर परंपरा थांबली असती तर ‘पहिली’ या शब्दाला अर्थच राहिला नसता. आद्यतेच्या बळावर श्रेष्ठतेचा दावा करता येत नाही, तसेच श्रेष्ठ कृती नंतर आल्या म्हणून आद्यतेची नोंद पुसताही येत नाही.

तेव्हा सदस्यक्रमांकाला श्रेयाचा पुरावा न मानता साक्षीचा पुरावा मानणे अधिक न्याय्य ठरेल. मैदाने थोडी होती, बक्षिसे किरकोळ होती, तेव्हाही हा माणूस तिथे होता, एवढेच तो सांगतो. साक्षीदाराचा मान विजेत्याच्या मानाहून वेगळा असतो आणि त्याच्या सोबत एक कर्तव्यही येते: जे पाहिले ते न वाढवता, न लपवता नंतर येणाऱ्यांना सांगणे. मॅकबेथ यांच्याहून लहान क्रमांक असलेल्या हौशी खेळाडूने तो अवश्य मिरवावा. मात्र त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या, दोन लाखांच्या पुढचा क्रमांक घेऊन आलेल्या मुलीला पहिली फेक कशी करावी हे त्याने दाखवले, तरच त्या मिरवण्याला अर्थ आहे.