प्रनष्टस्वामिक नाव

ज्या वस्तूचा धनी दिसत नाही ती वस्तू कोणाची? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु मनुष्याची नीती मोठ्या प्रसंगांत जितकी पारखली जाते, त्याहून अधिक अशा लहान प्रश्नांत पारखली जाते. कारण येथे पाहणारा कोणी नसतो आणि मागणाराही कोणी नसतो.

क्षिप्रेच्या रामघाटावर हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. तीर्थरूपांच्या यजमानकृत्यांच्या निमित्ताने आमचे घाटावर नित्य येणेजाणे असते. पावसाळ्यात क्षिप्रा चढली की पायऱ्या बुडतात, काठावरील लहान देवळे पाण्याखाली जातात, आणि बांधलेल्या नावांचे दोरखंड तुटून त्या वाहू लागतात. पूर ओसरला म्हणजे एखादी नाव कोठेतरी चिखलात रुतलेली सापडते. अशीच एक जुनी लाकडी नाव घाटापासून काही अंतरावर दोन पावसाळे पडून आहे. फळ्यांचे सांधे उकलले आहेत, वल्ही नाहीत, रंगही उडाला आहे. तिची चौकशी करण्यास कोणी आले नाही. आमच्या मंडळींतील काही उत्साही तरुणांनी सुचविले की, नाव ताब्यात घ्यावी, सांधे भरून डांबर लावावे आणि कार्तिकी पौर्णिमेस वृद्ध स्नानार्थींच्या सेवेस ती लावावी. कोणी शंका काढली, तर उत्तर तयारच होते : “काम देवाचे आहे, त्यात दोष कसला?”

हेतू चांगला आहे, यात संशय नाही. म्हणूनच या उत्तराचा विचार करणे अवश्य आहे. कारण वाईट हेतूने घेतलेल्या वस्तूबद्दल मन कधीतरी टोचते, पण चांगल्या हेतूने घेतलेल्या परवस्तूबद्दल ते टोचतही नाही.

प्रथम ‘बेवारस’ हा शब्दच पाहू. व्यवहारात आपण तो सहज वापरतो आणि त्याचा अर्थ ‘कोणाचीही नाही’ असा करतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा धनास ‘प्रनष्टस्वामिक’ म्हटले आहे, म्हणजे ज्याचा स्वामी दिसेनासा झाला आहे असे. या एका शब्दात केवढा विवेक आहे! वस्तू स्वामीवाचून आहे असे शास्त्र म्हणत नाही. स्वामी दृष्टीआड झाला आहे एवढेच ते म्हणते. त्याला शोधणे हे मग सापडविणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

नावाडी आपली नाव सोडून का जातो, याचाही विचार करावा. कोणी आजारी पडतो. कोणी कर्जापायी मजुरीस दुसऱ्या गावी जातो. भावाभावांत वाटणीचा तंटा लागतो आणि निकाल होईतो नावेस कोणीच हात लावीत नाही. कोणी निवर्ततो आणि मागे अज्ञान मुले राहतात. यांतील कोणीही नावेचा त्याग केलेला नाही. त्यागास मनाचा निश्चय लागतो. विसरणे, हरवणे किंवा असमर्थ होणे म्हणजे त्याग नव्हे. आपल्याला दिसते ते एवढेच की, नाव पडून आहे; तिच्या धन्याचे मन आपल्याला दिसत नाही. मुलांच्या धनाविषयी तर शास्त्र विशेष जागरूक आहे. धन्याच्या डोळ्यांदेखत दहा वर्षे दुसऱ्याने वस्तू भोगली आणि तो गप्प राहिला, तर त्याचा हक्क जातो असे मनुस्मृती सांगते. पण बालकाचे धन आणि ठेव यांस तिने हा नियम लावलेला नाही.

आता धनी मिळेपर्यंत काय करावे? मनुस्मृतीप्रमाणे असे धन राजाने तीन वर्षे सांभाळावे; त्या मुदतीत जो येईल त्याने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा सांगून ती न्यावी; आणि खोटा हक्क सांगणाऱ्यास दंड व्हावा. याज्ञवल्क्यस्मृतीत मुदत एका वर्षाची आहे. मुदती निराळ्या, परंतु तत्त्व एकच : वाट पाहिल्यावाचून स्वामित्व बदलत नाही, आणि मुदत संपल्यावरही वस्तू सापडविणाऱ्याच्या घरी जात नाही, राजाकडे जाते.

आजचा कायदाही याच वाटेने चालतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते. १८६१ च्या पोलीस कायद्यात बेवारस मालाची यादी दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याची, जाहीर सूचना देऊन सहा महिने हक्कदाराची वाट पाहण्याची आणि कोणीच न आल्यास मालाची विक्री करण्याची तरतूद आहे. २०२३ ची भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या ३१४ व्या कलमात हा भेद स्पष्ट केला आहे : रक्षण करून परत देण्यासाठी वस्तू उचलणारा अपराधी नव्हे, पण धनी ठाऊक असता किंवा शोधण्याचे साधन असता, अथवा वाजवी शोध व वाजवी प्रतीक्षा यांपूर्वीच जो ती आपलीशी करतो, तो अपराधी होय.

तर मग सापडविणाऱ्यास काहीच हक्क नाही काय? आहे. इंग्लंडात १७२२ साली धुराडी साफ करणाऱ्या एका पोरास एक दागिना सापडला. त्याने तो सोनाराकडे दाखविण्यास नेला, आणि तेथे त्यातील खडे काढून घेण्यात आले. न्यायालयाने पोराच्या बाजूने निकाल दिला : खरा धनी सोडून इतर सर्वांविरुद्ध त्याचा हक्क चांगला आहे. या वाक्याचे दोन्ही अर्ध महत्त्वाचे आहेत. सापडविणारा दुबळा असला तरी दांडग्याने त्याच्यापासून वस्तू हिसकावू नये. आणि सापडविणारा कितीही सज्जन असला तरी खऱ्या धन्यापुढे त्याने हात जोडावे.

यावरून आमच्या नावेपुरता मार्ग निघतो. प्रथम घाटावरील नावाड्यांच्या वस्तीत जाऊन विचारावे. जुने नावाडी फळीच्या जोडावरून नाव कोणाची हे पुष्कळदा ओळखतात. नाव यंत्राची असती, तर नोंदणीच्या क्रमांकावरूनही धनी सापडला असता. देवळाच्या फलकावर सूचना लावावी; मात्र तीत सर्व खुणा उघड करू नयेत, म्हणजे खऱ्याखोट्याची पारख होईल. पंचांसमक्ष नावेची स्थिती लिहून ठेवावी आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. धनी भेटल्यास रास्त किंमत देऊन साक्षीदारांसह विक्रीपत्र करावे. न भेटल्यास रीतसर विक्रीची वाट पाहावी आणि तीत बोली लावून पावती घ्यावी. ती पावती हाच स्वामित्वाचा पुरावा. या मार्गाने एखादी कार्तिकी हुकेल, हुकू द्यावी.

येथे एक आक्षेप येईल. तोपर्यंत नाव कुजेल, आणि कुजलेली नाव धन्याच्याही उपयोगी पडणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नाव बळकावणे हे नसून नाव राखणे हे आहे. ती चिखलातून काढून उंचावर ठेवावी, वर आच्छादन घालावे, खर्चाचा हिशेब ठेवावा. धनी आल्यास झालेला वाजवी खर्च मिळेपर्यंत वस्तू रोखून ठेवण्याची मुभा करार कायदा देतो. वस्तू नाश पावण्याच्या बेतात असेल आणि शोध करूनही धनी मिळत नसेल, तर विक्रीचीही मुभा देतो. राखणदार होण्यास कोणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती राखणदाराने धनी म्हणून मिरविण्यास.

राहिले ते देवाचे नाव. दानाचे आपल्या शास्त्रातील लक्षणच असे आहे की, दात्याने आपले स्वत्व सोडावे आणि दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करावे. ज्याचे स्वत्वच नाही तो सोडणार काय? मनुस्मृतीने व्यवहाराची अठरा पदे मोजली, त्यांत ‘अस्वामिविक्रय’ म्हणजे धनी नसता विकणे हे एक स्वतंत्र पद आहे. जे विकता येत नाही ते देवास अर्पण तरी कसे करता येईल? अशा नावेतून एखादी वृद्धा पैलतीरी जाईल आणि तिला पुण्य लागेल. पण ज्या विधवेच्या घरची ती नाव असेल, तिच्या चुलीचा हिशेब कोण देणार?

म्हणून आमचे मंडळींस नम्र सांगणे एवढेच की, नाव मिळविण्याची घाई करू नये. धनी शोधण्याची करावी. तो भेटला आणि त्याने आपण होऊन नाव दिली, तर त्या दानास तोड नाही. तो भेटलाच नाही आणि कायद्याने नाव आपली झाली, तर निर्मळ मनाने तीत पाय ठेवता येईल.