डाग रोगाचा की इलाजाचा?

गेल्या मे महिन्यात रेडीतील एका घरी आम्ही बसलो होतो. अंगणात आमसुले वाळत घातली होती. साठी उलटलेल्या घरधनीणबाईंनी गोव्याहून आणलेला एमआरआयचा लिफाफा आमच्यापुढे ठेवला. स्तनाचा कर्करोग त्यांच्या मेंदूत पसरला होता. वर्षापूर्वी तेथील गाठीवर किरणोपचार झाले आणि गाठ आटली. आता त्याच जागी पुन्हा पांढरा डाग उमटला होता, पूर्वीपेक्षा मोठा. अहवालात दोन्ही शक्यता नोंदविल्या होत्या. बाईंनी विचारले, "फादर, हो डाग रोगाचो काय इलाजाचो?"

आम्ही पटकन बोलून गेलो, "बाय, इलाजाचाच असणार."

वास्तविक आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. संशय असेल तेथे चांगला अर्थ घ्यावा, हे गुरुकुलात शिकलेले सूत्र जिभेवर आले, इतकेच.

पुढे एका परिचित डॉक्टरांकडून आम्ही हा विषय समजून घेतला. निरोगी मेंदूतील रक्तवाहिन्या रक्तातील पुष्कळसे पदार्थ मेंदूत झिरपू देत नाहीत. तपासणीच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. जेथे हा बांध फुटला असेल तेथे ते झिरपते आणि चित्रात पांढरे दिसते. बांध गाठीने फुटतो, तसाच किरणांनीही फुटतो. किरणांनी पेशी मरून सूज येणे हे उपचारानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनीही घडते. स्टेरॉइडने सूज दोन्हींत उतरते, म्हणून रुग्णाला बरे वाटले एवढ्यावरूनही निवाडा होत नाही. रक्तप्रवाह मोजणारे स्कॅन व पेट स्कॅन यांची मदत होते. पण २०१५ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मेंदूतील अशा गाठींसाठी निकष प्रसिद्ध केले, तेव्हा हा भेद करण्यासाठी कोणत्याही एका चित्रपद्धतीवर त्यांनी शिक्कामोर्तब केले नाही. शस्त्रक्रियेने तुकडा काढून तपासला तरी कित्येकदा त्यात मेलेल्या आणि जिवंत रोगपेशी शेजारी शेजारी सापडतात!

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी महाग. इलाजाच्या डागाला रोग समजून पुन्हा किरण दिले, तर जखमेवर जखम होते. रोगाला इलाजाचा डाग समजून स्वस्थ बसलो, तर तो वाढतो.

आम्ही वापरलेले सूत्र संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा'तील. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील साठाव्या प्रश्नात ते आहे. परंतु तेथेच थॉमस एक भेद करतात, तो आम्ही विसरलो होतो. माणसाविषयी निर्णय करताना कल चांगल्या बाजूस द्यावा; वस्तूविषयी करताना मात्र ती जशी आहे तशीच पाहण्याचा यत्न करावा. वस्तूला चांगले वा वाईट म्हटल्याने तिचे काही बिघडत नाही, असेही ते म्हणतात. येथे थोडे अडते. हा डाग वस्तू खरा, पण तो कोणाच्या तरी मस्तकात आहे, आणि त्याच्याविषयी चुकल्यास त्या व्यक्तीचे पुष्कळ बिघडते. म्हणूनच, आमच्या मते, डागाच्या बाबतीत दयेला मत देण्याचा अधिकार नाही. दयेचे काम निराळे. 'माहीत नाही' हे शब्द बोलल्यावर उठून न जाणे, हे ते काम.

बाईंचा मुलगा कुवेतला असतो. त्याचा फोन आला, "फादर, आईला काही सांगू नका." त्याची व्याकुळता आम्हांस कळते; सुट्टी आता काढावी की नाताळला, याचाच घोर त्याला लागला होता. पण लिफाफा आईच्या उशाशी होता आणि प्रश्न तिने स्वतः विचारला होता. अनिश्चितता हीदेखील तिच्याच मालकीची. आम्ही त्याला तसे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला, मग पुढील तपासणी केव्हा, एवढेच त्याने विचारले. डॉक्टरांनी आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करावयास सांगितले होते.

आम्ही पुन्हा रेडीस गेलो आणि बाईंना म्हणालो, "त्या दिवशी आम्ही बोललो, ते माहीत नसताना बोललो."

बाई हसल्या. "तां माका तेव्हांच कळलां, फादर." मग त्यांनी आत जाऊन आमसुलांची पुडी आणली, आणि स्कॅनच्या दिवशी सकाळची कोणती गाडी सोयीची पडेल, ते आम्हांस विचारू लागल्या.